लाकूड कोरणारे हात भंगाराकडे का वळले? शिल्पकार पिलू पोचखानवाला यांचा प्रवास समजून घ्या

गंजलेला गिअर, तुटकी साखळी, मशीनचा निकामी पार्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली की अशा वस्तूंचे ढीग दिसतात. त्यांचा भाव किलोवर ठरतो. पण यातल्याच चार वस्तू जोडून कुणी कलादालनात ठेवल्या, तर बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात कला ती काय? कोरता येत नाही म्हणून हे जोडकाम का?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या शिल्पकार पिलू पोचखानवाला यांच्या कारकिर्दीत सापडतं. त्यांनी दोन्ही केलं. आधी लाकूड कोरलं, मग भंगार जोडलं.

कोण होत्या पिलू पोचखानवाला?

जन्म १९२३, मुंबईतलं पारशी कुटुंब. शिक्षण वाणिज्य शाखेचं आणि काम जाहिरात क्षेत्रातलं. १९५१ मध्ये त्या युरोपला गेल्या. तिथल्या संग्रहालयांतली शिल्पं पाहिली आणि आपण शिल्पकारच व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांच्याकडे कलाशाळेची पदवी नव्हती. सुरुवातीचे धडे त्यांना मिळाले ते नारायण गणेश पानसरे यांच्याकडून. फोर्ट भागातल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरच्या भव्य मानवी आकृती याच पानसरेंच्या.

पिलूंच्या सुरुवातीच्या कामात लाकूड आहे आणि स्त्रीदेहाचे गोलाईदार आकार आहेत. इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांचा प्रभाव त्यात दिसतो. पुढे शिसं, सिमेंट, ॲल्युमिनियम आणि यंत्रांचे टाकाऊ भाग त्यांच्या कामात आले. मुंबईत हाजी अलीच्या चौकात उभारलेलं 'स्पार्क' हे त्यांचं गाजलेलं शिल्प. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

कोरणं आणि जोडणं, नेमका फरक काय?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब केलेल्यांना हे पटकन कळेल. कानस अर्धा मिलिमीटर जास्त चालली की जॉब बाद. घासलेलं लोखंड परत येत नाही. कोरीव कामाचंही तसंच आहे. ठोकळ्यातून नको तेवढं काढत जायचं. छिन्नी किंवा पटाशी चुकली, तर नाक लहान होतं किंवा अख्खा बेतच बदलावा लागतो.

जोडकामात उलट घडतं. तुकडा लावता येतो, कापता येतो, फिरवून पुन्हा लावता येतो. म्हणून ते सोपं वाटतं. पण इथे अडचण वेगळी आहे. लाकडाचा ओंडका आकारासाठी मोकळा असतो, गिअर मात्र आधीच गिअर असतो. बघणाऱ्याला शेवटपर्यंत गिअरच दिसत राहिला, तर शिल्प फसलं. तो गिअर आहे हे कळूनही डोळ्यांना दुसरंच काही दिसलं, तर जमलं.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण पिकासोचं. त्याने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं तयार केलं.

धातूने काय मिळालं?

इथे थोडं विज्ञान येतं.

• दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून दगडी मूर्तींचे हात बहुधा अंगाजवळ असतात आणि पाया रुंद असतो.

• धातू दाब आणि ताण दोन्ही सोसतो. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आठवा. नानासाहेब करमरकर यांच्या १९२८ च्या या ब्राँझ पुतळ्यात घोडा आणि स्वार यांचं सगळं वजन घोड्याच्या बारीक पायांवर आहे. हाच घोडा संगमरवरात करायचा, तर पोटाखाली टेकू द्यावा लागला असता.

• पण ब्राँझ ओतायचं तर साचा, भट्टी, कारागीर असा मोठा खर्च. स्मारकाच्या पुतळ्याला वर्गणी जमते, प्रयोगाला कोण देणार? भंगार आणि वेल्डिंगमुळे धातूची ही ताकद शिल्पकाराला स्वतःच्या कार्यशाळेत मिळाली. आकार हवेत झेपावू शकले आणि दोन तुकड्यांमधली मोकळी जागाही शिल्पाचा भाग झाली.

पानसरेंकडेच शिकलेले आदी दाविएरवाला हेही याच वाटेने गेले. औषधनिर्माण क्षेत्रातला हा माणूस आधी लाकूड आणि दगड कोरत होता. नंतर त्यांच्या शिल्पांत धातू आला, चुंबक आणि पारदर्शक प्लास्टिकही आलं. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी छिन्नी शिकून झाल्यावर नवी सामग्री हातात घेतली. म्हणजे 'कोरता येत नाही म्हणून जोडकाम' हा आक्षेप निदान या दोघांना तरी लागू पडत नाही.

पुण्याला हे नवं आहे का?

नाही. साहित्य बदलण्याचा प्रयोग आपण दरवर्षी गणेशोत्सवात बघतो. कसबा गणपती पाषाणाचा. भाऊसाहेब रंगारी गणपतीची मूर्ती लाकूड आणि भुशाची. तुळशीबाग मंडळाने १९७५ मध्ये फायबरग्लासची मूर्ती आणली. साहित्य बदललं म्हणून कुणी हात जोडायचं थांबलं नाही.

मग खरी अडचण कुठे आहे?

टिकवण्यात. भंगारात वेगवेगळे धातू एकत्र येतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि दमट, खारी हवा लागली की त्यातला ॲल्युमिनियम लवकर झिजतो. बिडाचा तुकडा नीट तापवून वेल्ड केला नाही, तर सांध्याजवळ चीर जाते. रंग, सफाई, सांध्यांची तपासणी हे सगळं नियमित करावं लागतं. चौकातल्या शिल्पासाठी हे कोण करणार, हे उद्घाटनाआधीच ठरायला हवं.

दुसरा धोका नजरेचा आहे. भंगारातून आलेली वस्तू पुन्हा भंगार समजली जाणं फार सोपं असतं. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कप-बशा आणि बांधकामाच्या राडारोड्यातून रॉक गार्डन उभं केलं. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तरीही पुढे त्यावर बुलडोझर चालवायची वेळ आली, तेव्हा लोकांनी आडवं उभं राहून ते वाचवलं.

आधुनिक शिल्पं कुठे बघता येतील?

मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जरूर जा. ही इमारत म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल. एकेकाळी तिथे बॉक्सिंगचे सामने, लग्नाचे स्वागत समारंभ, चपला-बुटांचे सेल असं सगळं चालायचं. या हॉलचं कलादालन व्हावं म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्यात पिलू पोचखानवाला आघाडीवर होत्या. संग्रहालय सुरू झालं १९९६ मध्ये. ते बघायला त्या नव्हत्या.