मोहोरापर्यंत न पोहोचणारा थेंब

लखनौ परिसरात हिवाळ्याच्या पहाटे दाट धुके पसरते. धुके म्हणजे पाण्याचेच थेंब. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी जड असूनही ते तासन्‌तास खाली पडत नाही. जवळच्या मलिहाबाद-काकोरी पट्ट्यात दशहरीच्या उंच झाडांवर तुडतुडे आणि भुरीसाठी फवारलेले औषध शेंड्यावरील मोहोरापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर या धुक्यातच आहे.

केंब्रिज येथील गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये घड्याळाच्या लंबकाचा अभ्यास करताना द्रव-वायूंतून संथपणे जाणाऱ्या गोलकावरील रोध मांडला. हा रोध गोलकाची त्रिज्या, त्याचा वेग आणि माध्यमाची श्यानता, म्हणजे चिकटपणा, यांच्या गुणाकाराच्या सहा पाय पट असतो. थेंबाचे वजन त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढते, रोध मात्र त्रिज्येप्रमाणेच. म्हणून व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो.

२० मायक्रॉनचा, म्हणजे धुक्यातील थेंबाएवढा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सव्वा सेंटिमीटर एवढाच उतरतो. ५० मायक्रॉनच्या थेंबाचा वेग सुमारे साडेसात सेंटिमीटर येतो. १०० मायक्रॉनच्या पुढे हे सूत्र वेग जास्त दाखवू लागते. २०० मायक्रॉनचा थेंब प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर उतरतो. पाच मीटर उंचीवरून सुटलेल्या या मोठ्या थेंबाला ताशी सात किलोमीटरचा वारा जेमतेम १४ मीटर नेतो. ५० मायक्रॉनचा थेंब वाटेत आटला नाही, तर सव्वाशे मीटरांपलीकडे जातो. शेजाऱ्याचा बांध त्याहून कितीतरी अलीकडे असतो.

झाड उंच असले की पंपाचा दाब वाढवावा, असा सर्वत्र समज आहे. कोकणातील हापूसच्या बागाही त्याला अपवाद नाहीत. एचटीपी पंपाच्या नेहमीच्या नोझलमध्ये दाब वाढला की थेंब अधिक बारीक होतात. स्थिर हवेत ५० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला तरी १५ सेंटिमीटरही पुढे जात नाही. रोध त्याचा वेग तिथेच संपवतो. पुढचा प्रवास तो फवाऱ्यासोबत वर ओढल्या गेलेल्या हवेच्या आधाराने करतो, आणि ती हवाही थोड्याच उंचीवर मंदावते. दाबासाठी डिझेल जाळून शेतकरी धुकेच तयार करीत असतो. बारीक थेंबांनी पाने अधिक झाकली जातात हे खरे (२०० मायक्रॉनच्या एका थेंबाचे ५० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात), पण ते पानावर पोहोचले तरच.

न पोहोचलेले औषध झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर आणि श्वासात जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेत शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे कारणे अनेक होती. तरी डोक्याएवढ्या पिकात आणि डोक्यावरच्या झाडावर फवारणाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नसते.

काकोरीजवळील रहमानखेडा येथे १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने जीर्ण बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र दिले. जुन्या झाडांच्या फांद्या जमिनीपासून तीन ते पाच मीटरांवर छाटून नवा घेर तयार केला जातो. दोन-तीन वर्षांचे उत्पन्न बुडते, हा यातला खरा अडसर. पण मोहोर नोझलच्या टप्प्यात येतो.

छाटणी होईपर्यंत लांब दांडीची गन वापरून नोझल मोहोराजवळ न्यावे. पाने जेमतेम हलतील एवढा वारा असताना फवारावे. पहाटेची अगदी निश्चल हवा सोयीची वाटते; परंतु जमिनीलगत थंड हवेचा थर असताना बारीक थेंब धुक्यासारखेच लोंबकळत राहतात. विस्तार कार्यकर्त्यांनी आधी साध्या पाण्याची फवारणी करून दाखवावी. ओलाव्याने निळा होणारा पिवळा कागद शेंड्याच्या फांदीला आणि खालच्या फांदीला लावावा. अतिसूक्ष्म थेंबांचा डाग त्यावर नीट उमटत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. वरचा कागद पिवळाच राहिला, तर दाब कमी करून आणि मोठ्या थेंबांचे नोझल लावून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.