घरच्या कारखान्यासाठी प्लाझ्मा कटरची निवड

धातुकाम हा आमचा पिढीजात व्यवसाय नव्हे. तथापि बेळगावसारख्या गावी, जेथे उद्यमबागेतील ओतकामावर व यंत्रकामावर अनेक घरांची उपजीविका चालते, तेथे आपल्या समाजातील तरुणही पेढीमागील मोकळ्या जागेत लोखंडकाम सुरू करू लागले आहेत. कोठी, हॉपर, दरवाजे, जाळ्या अशा कामांना मागणीही आहे. भांडवलाची मागणी मात्र वडीलधाऱ्यांकडेच येते. ज्याने पैसा द्यावयाचा त्याने यंत्राची परीक्षाही शिकून घ्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्लाझ्मा कटर म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू कापणारे यंत्र होय. टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून दाबाची हवा व विजेची ज्योत एकत्र बाहेर पडते. त्या ज्योतीचे उष्णतामान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. धातू वितळतो व हवेचा झोत तो वितळलेला रस खाली उडवून देतो. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांस १९५७ साली या ज्योतीच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. गॅसकटिंगमध्ये लोखंड प्राणवायूत जळते म्हणून कापले जाते. स्टेनलेस पोलाद, ॲल्युमिनियम व तांबे यांस ती रीत लागू पडत नाही. प्लाझ्मा मात्र वीज वाहून नेणारा कोणताही धातू कापतो, आणि घरात सिलिंडर बाळगावे लागत नाहीत.

प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे जाडी. माहितीपत्रकात बहुधा दोन आकडे असतात. एक स्वच्छ कापाचा व दुसरा कसाबसा तुकडा पाडण्याचा. विक्रेता दुसरा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवितो; आपण पहिला धरावा. ४० अँपिअरचे यंत्र साधारणपणे १० मिलिमीटरपर्यंतचे साधे पोलाद नीट कापते. कोठीचा २ मिलिमीटरचा पत्रा व ५-६ मिलिमीटरचे अँगल यांस ते पुरेसे आहे. रोजचे काम या मर्यादेच्या आत बसावे. वर्षातून एकदा येणाऱ्या जाड पाटीसाठी मोठे यंत्र घेऊ नये.

दुसरी गोष्ट, यंत्र किती वेळ सलग चालते ही. कारागीर यास ‘ड्यूटी सायकल’ म्हणतात. ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. हा आकडा किती उष्णतामानास मोजला आहे, तेही विचारावे. थंड खोलीतील ६० टक्के हैदराबादच्या वैशाखात ६० टक्के राहत नाहीत.

तिसरी गोष्ट वीज. ४० अँपिअर हा टॉर्चमधील प्रवाह झाला. त्यासाठी भिंतीतून घ्यावी लागणारी वीज सुमारे साडेचार किलोवॅट भरते. २३० व्होल्टवर ती २० अँपिअरच्या घरात जाते. घरातील १६ अँपिअरचे सॉकेट यास पुरत नाही. दोन-तीन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर धरल्यास भार सहा-सात किलोवॅटवर जातो. सबब मंजूर भार, स्वतंत्र तार व पक्के अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच मिळवावा.

चौथी गोष्ट हवा. येथेच पुष्कळांची फसगत होते. ४० अँपिअरच्या टॉर्चला सुमारे ५ बार दाबाने मिनिटास ४ ते ६ घनफूट हवा अखंड लागते. कॉम्प्रेसरवर लिहिलेला आकडा पुष्कळदा पिस्टनच्या हिशोबाचा असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. बारदानासह वजन आणि निव्वळ वजन यांत जो फरक, तोच हा. तसेच ओलसर माल जसा पोत्यात सडतो, तशी ओलसर हवा टॉर्चचे भाग खाऊन टाकते. बेळगावच्या पावसाळ्यात पाणी गाळणारा फिल्टर अत्यावश्यक आहे. टाकीतील पाणी रोज सोडावे.

पाचवी गोष्ट झिजणारे भाग. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी हाफ्नियम धातूचा बारीक कण बसविलेला असतो. तो झिजून खळगा पडतो. नॉझलचे गोल छिद्र लांबट होते व काप तिरका जातो. हे दोन्ही भाग एकदमच बदलावेत. प्रत्येक वेळी ज्योत पेटविताना झीज होते, म्हणून विनाकारण चालू-बंद करू नये. हे भाग आपल्या गावात काय भावाने मिळतात, हे यंत्राचा भाव विचारण्यापूर्वी विचारावे. स्वस्त यंत्राचे नॉझल मिळेनासे झाले की ते भंगाराच्या भावाचे होते.

गंजलेला, रंगविलेला पत्रा किंवा जाळी कापावयाची असल्यास ‘पायलट आर्क’ असलेले यंत्र घ्यावे. त्याची ज्योत धातूस न टेकताच पेटते. पुढे संगणकाने चालणारे टेबल जोडावयाचा विचार असेल, तर उच्च वारंवारितेने पेटणारे यंत्र टाळावे. त्याच्या लहरी संगणकास त्रास देतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्यापैकी पुष्कळांचे गोदाम घराला लागूनच असते. धान्याची धूळ हवेत पसरली असता स्फोटाप्रमाणे पेटते, आणि ठिणग्या कित्येक फूट उडतात. म्हणून गोदामात किंवा बारदानाजवळ कटर कधीही चालवू नये. गोदामास धुरी देतेवेळी यंत्र आत ठेवू नये. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू विषारी व ज्वालाग्राही असून तांब्यासही गंजवितो. तेलाचा वा रसायनाचा बंद डबा कापू नये. ४० अँपिअरपर्यंत किमान ५ क्रमांकाची काच डोळ्यांवर असावी. साधा चष्मा चालत नाही. जस्ताच्या पत्र्याचा धूर ताप आणतो, स्टेनलेसचा त्याहून घातक. जागा मोकळी व हवेशीर हवी. टॉर्चमधील दाब शेकडो व्होल्ट असतो, म्हणून नॉझल बदलण्यापूर्वी वीज तोडावी. वाळू व पाण्याच्या बादल्या हाताशी असाव्यात.

महिन्यातून चार-दोन पातळ पत्रे कापावयाचे असतील, तर ग्राइंडर पुरेसा आहे. २५ मिलिमीटरपुढील साध्या पोलादास बाहेरून गॅसकटिंग करून घेणे परवडते. या दोहोंच्या मधले काम नियमित असेल, तरच कटर घ्यावा. आपलाच जाडातला जाड तुकडा दुकानी नेऊन कापून पाहावा आणि हमी टॉर्चलाही लागू आहे की नाही, ते पावतीवर लिहून घ्यावे. यंत्र, तार, कॉम्प्रेसर, फिल्टर आणि वर्षभराचे नॉझल ही पाच कलमे एकाखाली एक मांडून बेरीज करावी, व तिच्याशेजारी महिन्याचे अपेक्षित काम लिहावे. घ्यावे की न घ्यावे, याचे उत्तर त्या कागदावरच सापडते.