जपानी पात्रं जपानी का दिसत नाहीत? एका घरगुती वादाचा संशोधन-प्रश्न करताना

नेट किंवा पेट निघाली की पुढचा मेसेज ठरलेला असतो: "ताई, एखादा चांगला विषय सुचवा ना." मी सहसा विषय सुचवत नाही. सुचवलेला विषय तीन महिन्यांत कंटाळवाणा होतो आणि मग गाईडसमोर काय बोलायचं ते कळत नाही. त्यापेक्षा घरात चाललेला एखादा वाद उचलायचा आणि त्याचं मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतर कसं करायचं, हे शिकणं जास्त कामाचं आहे. आज तेच करून बघू. उदाहरण मुद्दाम असं घेतलंय, ज्यावर आरआरसीत कोणीतरी नक्की विचारेल, "कार्टून? हा काय पीएचडीचा विषय आहे का?"

दिवाळीत नंदुरबारला घरी होते. मोबाईलचं हॉटस्पॉट टीव्हीला जोडून आम्ही 'युवर नेम' हा 2016 चा अ‍ॅनिमे चित्रपट पाहत होतो. अकरावीतला मामेभाऊ म्हणाला, "गाव जपानचं, नावं जपानी, देऊळ जपानी, मग तोंडं इंग्रजांसारखी का काढलीत?" मामी भाकऱ्या थापता थापता डोकावून म्हणाल्या, "इंग्रज कुठले? मला तर आपल्याच पोरी वाटतात." झालं, दोघांची जुंपली.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इथे थांबा. भावाने "का" विचारलं, मामींनी त्याचं गृहीतकच नाकारलं. पडद्यावरचं चित्र तेच आहे आणि दोन माणसांना दोन वेगळे वंश दिसतायत. मग "का काढलीत" हा प्रश्न विचारण्याआधी "कोणाला काय दिसतं" हे तपासायला नको का? आपण बहुतेक जण ही पायरी गाळतो आणि थेट कारणांवर उडी मारतो.

"का" चं एक उत्तर इतिहासात आहे, ते पटकन सांगते. ओसामू तेझुका हे जपानी चित्रकार डिस्नेचे चाहते होते. त्यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका 1 जानेवारी 1963 पासून जपानच्या टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग आणि पैसा कमी. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, पण प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढणं परवडणारं नव्हतं. मग एकच चित्र अनेक चौकटी धरून ठेवायचं, शरीर स्थिर आणि फक्त ओठ हलवायचे, जुनी चित्रं पुन्हा वापरायची अशा युक्त्या आल्या. शरीर हलत नसेल तर भावना कुठे दाखवणार? डोळ्यांत. मोठे डोळे, त्यात चमक, पापण्यांची उघडझाप. केसांचंही तसंच. चेहरे एकसारखे असले की पात्र ओळखायला केसांचा आकार आणि रंग कामी येतो. म्हणजे निळे केस ही पात्राची ओळखखूण आहे, त्यावरून त्याचा वंश ठरत नाही. हे उत्तर चांगलं आहे, पण त्यावर काम करायला जपानी भाषा आणि जपानमधली जुनी कागदपत्रं लागतील. आपल्याला इथून ते झेपणार नाही, सोडून देऊ.

दुसरं उत्तर माझ्या आवडीचं, कारण मी प्राणिशास्त्राची. कोनराड लॉरेन्झ यांनी 1943 मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल, छोटं नाक हे बाळाचे गुण दिसले की मोठ्या माणसांमध्ये माया जागी होते. निको टिनबर्गेन यांनी सीगल पक्ष्यांच्या पिल्लांवर प्रयोग केले. आईच्या चोचीवर लाल ठिपका असतो, पिल्लू त्यावर टोचून खाणं मागतं. त्यांनी पिल्लांपुढे पांढरे पट्टे असलेली एक बारीक लाल काडी धरली, तर पिल्लं आईच्या डोक्याच्या हुबेहूब प्रतिकृतीपेक्षा त्या काडीवर जास्त टोचू लागली! खऱ्यापेक्षा जास्त खेचून घेणारी ही खोटी खूण, तिला अतिसामान्य उद्दीपक म्हणतात. अ‍ॅनिमेचे डोळे तसेच असतील का? कल्पना मोहात पाडणारी आहे, पण पिल्लावरून थेट माणसावर जाऊ नका. तसं म्हणायचं असेल तर आधी मोजावं लागेल.

आणि मोजता येतं. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मतज्ज्ञांनी 1979 च्या एका लेखात मिकी माऊसची चित्रं कॅलिपरने मोजली होती. सुरुवातीच्या मिकीचा डोळा डोक्याच्या लांबीच्या 27 टक्के होता, नंतरच्या मिकीचा 42 टक्के. वयाने मिकी मोठा होत गेला आणि दिसायला लहान. विनोदी निबंध आहे, पण त्यात शिकण्यासारखी शिस्त आहे: "डोळे मोठे" हे विशेषण गूल्डनी गुणोत्तरात बदललं. गुणोत्तर घेतलं की टीव्ही 32 इंची आहे की मोबाईल, याने फरक पडत नाही.

घरी करून बघा. चित्रपट थांबवा, समोरून दिसणारा चेहरा निवडा (मान कललेली असेल तर उंची बदलते), स्क्रीनशॉट घ्या. आता डोक्याची उंची मोजायला गेलात की अडाल. कवटीचा वरचा टोक कुठे आहे? अ‍ॅनिमेत तो केसांच्या डोंगराखाली गडप झालेला असतो. मग दुसरं काहीतरी ठरवावं लागतं, समजा हनुवटीपासून भुवईपर्यंतचं अंतर. हे ठरवणं म्हणजेच कार्यात्मक व्याख्या. पुस्तकात तिची चार ओळींची परिभाषा असते, ती पाठ होते आणि विसरली जाते. केसांनी अडवल्यावर मात्र ती पक्की कळते. एकच चेहरा दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजा. आकडे बरेच वेगळे आले तर तुमची व्याख्या ढिली आहे. आणि फक्त नायक-नायिका मोजू नका. आजी, दुकानदार, खलनायक यांचे डोळे बहुतेक वेळा बरेच बारीक असतात. "अ‍ॅनिमेत सगळ्यांचे डोळे मोठे" हे विधान मला तरी नमुना निवडीची चूक वाटते.

आता परत भाऊ आणि मामींकडे. या वादावर आधीच काम झालंय, आणि साहित्य-आढावा यासाठीच करायचा असतो. टेरी कावाशिमा यांनी 2002 च्या लेखात म्हटलं की चेहऱ्यात वंश "दिसणं" ही शिकलेली नजर असते. कोणती खूण महत्त्वाची मानायची हे बघणारा ठरवतो. एमी शिरॉन्ग लू यांनी 2009 मध्ये हे आकड्यांवर घेतलं. 1958 ते 2005 या काळातली 341 अ‍ॅनिमे पात्रं आणि ती पाहून वंश सांगणारे 1,046 लोक. निर्मात्यांच्या लेखी निम्म्याहून जास्त पात्रं आशियाई होती, गोरी म्हणून योजलेली अगदी थोडी. तरी पाहणाऱ्यांना त्यातली बरीच पात्रं गोऱ्या वंशाची वाटली. शिवाय लोक पात्रांमध्ये स्वतःचाच वंश पाहतात, असाही कल उत्तरांत सापडला.

म्हणजे मामी शास्त्रीयदृष्ट्या बरोबर ठरल्या का? घाई नको. हे वाक्य दोनदा वाचा: त्या अभ्यासातले पाहणारे बहुतांश गोऱ्या वंशाचे होते. आता त्यांना पात्रं गोरी का दिसली याची दोन कारणं संभवतात. एक, मोठे डोळे आणि पिवळे केस या खुणाच कोणालाही गोऱ्या माणसाच्या वाटतात. दोन, माणूस साध्या रेषांच्या चेहऱ्यात स्वतःला भरतो. पाहणारा गोरा असेल तर दोन्ही कारणांचं भाकीत एकच येतं, त्यामुळे त्याच्या उत्तरावरून कारण वेगळं काढता येत नाही. पाहणारा धडगाव किंवा तळोद्याचा असेल तर भाकितं फुटतात. पहिलं कारण खरं असेल तर तो "परदेशी" म्हणेल, दुसरं खरं असेल तर "आपल्यातला". संशोधनातली पोकळी म्हणतात ती ही. "नंदुरबार जिल्ह्यात यावर अभ्यास झालेला नाही" एवढं लिहून पोकळी सिद्ध होत नाही. नंदुरबारच्या माणसाचं उत्तर असं काही वेगळं करून दाखवेल, जे आधीच्या नमुन्यात दिसूच शकत नव्हतं, असं लिहिता आलं पाहिजे.

तरी तिसरा गडी उरतोच: सवय. 2005 च्या सुमारास 'डोरेमॉन' हंगामा वाहिनीवर हिंदीत आलं आणि आपल्याकडची एक अख्खी पिढी त्यावर वाढली. नोबिता टोकियोत राहतो, पण बोलतो हिंदी आणि गृहपाठ आपल्यासारखाच चुकवतो. अशा मुलाने अ‍ॅनिमे चेहरा "आपला" म्हटला तर ते वंशामुळे की डबिंगमुळे? म्हणून प्रत्येकाला किती वर्षं कार्टून पाहिलं हे विचारा. आणि दाखवलेलं पात्र तो नावानिशी ओळखत असेल तर ते उत्तर वेगळ्या रकान्यात टाका. तिथे तो चेहरा पाहून अंदाज करत नाही, माहिती सांगतो.

तुलनेसाठी आपल्याकडे एक हाताशी असलेली गोष्ट आहे. युगो साको आणि आपले राम मोहन यांचा 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा भारत-जपान चित्रपट, 1992 मध्ये पूर्ण झालेला आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा थिएटरात आलेला. चित्रशैली जपानी, पात्रं निःसंशय भारतीय. पण मुकुट घातलेला राम दाखवून "हा कुठला?" विचारलंत तर उत्तर मुकुटच देईल. मुकुट, दागिने, टिळा सगळं कापून फक्त डोळे-नाक-ओठांचा भाग ठेवा, आणि इतर चित्रपटांतले चेहरेही तसेच कापा. एका गटाला कापलेले चेहरे, दुसऱ्याला पूर्ण. दोन्ही गटांच्या उत्तरांतला फरक म्हणजे वेशभूषेचा हिस्सा.

प्रश्नावली मात्र इंग्रजीतून उचलून भाषांतर करू नका, इथे मोठा खड्डा आहे. आपल्या भाषेत "गोरा" म्हणजे युरोपातला माणूसही आणि उजळ रंगाचा शेजारीही. "हा गोरा आहे का?" याला सगळेच "हो" म्हणतील आणि तुमचा आलेख फुकट जाईल. पर्याय न देता "हा पोरगा कुठला असेल?" असं मोकळं विचारा, तेही घरात बोलतात त्या भाषेत: अहिराणी, भिल्ली, पावरी. उत्तरांचे गट नंतर पाडा, पण कोणत्या उत्तराने कोणतं गृहीतक पडेल हे माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा. अठराच्या आतली मुलं असतील तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि पालकांची संमती लागते, तो वेळ आधीच धरा.

माझं मत विचाराल तर अख्खी पीएचडी यावर करू नका, एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पूर्वचाचणीला हे पुरेसं आहे. पण केलंत तर तारीख विचारपूर्वक ठरवा. दिवाळीनंतर अक्राणी आणि अक्कलकुव्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, मुलांसकट, आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. डिसेंबरात शाळेत जाऊन नमुना घेतलात तर जी मुलं गावात थांबली तीच भेटतील, आणि त्यांच्या घरी टीव्ही असण्याची शक्यता जास्त. ज्याने अ‍ॅनिमे कधी पाहिलंच नाही, ज्याच्या उत्तरात सवयीची भेसळ नाही, तो नेमका तेव्हा उसाच्या फडात असेल.