ग्रामसभेचें इतिवृत्त आणि यंत्राची लेखणी

ग्रामसभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, माणसें आपापल्या वाटेला लागतात. आणि सभेंत काय झालें हें त्यानंतर ठरतें. तें ठरतें प्रोसिडिंगच्या वहींत. चार माणसें तावातावानें बोललीं, एखादी बाई उभी राहून विरोध करून गेली, तरी वहींत त्याची ओळ उमटली नाहीं तर वरिष्ठ कचेरीच्या लेखीं तें बोलणें झालेंच नाहीं. घरकुलांची यादी असो, गायरानावरील अतिक्रमण असो, कीं दारूच्या दुकानाविषयींचा ठराव असो, तालुक्याला आणि जिल्ह्याला जाते ती वहीची नक्कल; सभा जात नाहीं. म्हणून ही वही कोण लिहितो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

आजवर ती ग्रामसेवक लिहीत आला. 2024 सालीं त्याच्या पदाचें नांव ग्रामपंचायत अधिकारी असें झालें, परंतु लेखणी तीच राहिली. आतां त्या लेखणीला जोडीदार मिळाला आहे. केंद्र शासनाच्या पंचायती राज मंत्रालयानें 14 ऑगस्ट 2025 रोजीं 'सभासार' नांवाचें साधन प्रचारांत आणलें व त्याचा आरंभ त्रिपुरा राज्यांतील ग्रामसभांपासून केला. सभेचें ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण दिलें असतां हें साधन बोलण्याचीं अक्षरें करतें आणि त्यांतून इतिवृत्ताचा मसुदा जुळवून देतें. यांतील भाषेचें काम 'भाषिणी' या शासकीय योजनेच्या आधारें चालतें, आणि तेथें मराठीचीहि सोय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत चौदा तालुके व तेराशेंवर ग्रामपंचायती आहेत. एका अधिकाऱ्याच्या गळ्यांत दोन गांवांचा कारभार पडला म्हणजे रात्रीं जागून वही भरणारा तो मनुष्य अशा मदतीकडे आशेनें पाहील, यांत नवल तें काय?

या मदतीचा एक गुण मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. कोऱ्या पानावर आधीं सह्या घ्यावयाच्या आणि मजकूर मागाहून सवडीनें भरावयाचा, ही चाल खेड्यापाड्यांत कोणास ठाऊक नाहीं? सभेचा आवाज जपून ठेवला गेला तर ती चाल अवघड होईल. तेवढ्यासाठीं तरी हें साधन यावें असें कोणालाहि वाटेल.

पण यंत्राला मराठी समजतें असें जें सर्रास म्हटलें जातें, तें जरा तपासून घ्यावें. यंत्र गांव ओळखत नाहीं, माणसें ओळखत नाहीं. बोलण्याचे व लिहिण्याचे असंख्य नमुने त्यास दाखविलेले असतात. त्यांवरून, अमुक आवाज आला म्हणजे कोणता शब्द असण्याचा संभव अधिक, याचा तें अदमास बांधतें. सारांश करितांनाहि तोच प्रकार. दमलेल्या लेखकास एखादा शब्द ऐकूं आला नाहीं तर तो जागा मोकळी सोडतो किंवा शेजाऱ्यास विचारतो. यंत्र बहुधा जागा मोकळी सोडीत नाहीं. संभवनीय शब्द घालून वाक्य पुरें करतें, आणि तें वाक्य इतकें स्वच्छ व शुद्ध असतें कीं त्यांत चूक असेल अशी शंकाच येत नाहीं. खाडाखोड झालेलें पान वाचणारा सावध असतो. छापल्यासारखें पान त्याला झोपवितें.

त्यांत मराठीची एक अडचण आहे. या भाषेंत नकार बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. "ही जागा द्यायला आमची संमति नाहीं," असें कोणी म्हणतो, तेव्हां शेवटच्या शब्दाला येईपर्यंत त्याचा आवाज उतरलेला असतो, किंवा दुसरा कोणी मध्येंच बोलूं लागलेला असतो. तेवढा 'नाहीं' निसटला कीं विरोधाची संमति होते. शिवाय ध्वनिग्राहक असतो तो सरपंचाच्या मेजावर. भिंतीला टेकून बसलेल्या बायकांचा आवाज तेथवर पोंचतोच असें नाहीं. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी व ठाकर लोकांची बोली वेगळी, पाथर्डी-जामखेडकडची वेगळी. पाटाचें 'आवर्तन', शेताची 'चारी', 'पाणंद' हे शब्द शहरी नमुन्यांवर वाढलेल्या यंत्रास परके वाटण्याचा संभव आहे. अकोले तालुक्यांतील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात, आणि 1996 च्या पेसा कायद्यानें तेथील ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. तेथें एका वाक्याची किंमत अधिकच.

इतिवृत्त हें झालें लिहिण्याचें काम. यंत्राचा अदमास निर्णयाच्या जागीं जाऊन बसला म्हणजे काय होतें, हें तेलंगण राज्यानें पाहिलें आहे. तेथें 'समग्र वेदिका' नांवाच्या व्यवस्थेनें निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जुळवून कोण गरीब व कोण नव्हे हें सांगावयास आरंभ केला, आणि त्या सांगण्यावरून शिधापत्रिका रद्द झाल्या. एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या कुटुंबाचें धान्य बंद झालें. कारण नांवांतील साम्यामुळें तो मोटारीचा मालक ठरला होता! एप्रिल 2022 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रद्द झालेल्या सुमारें 19 लाख पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करण्याचा आदेश दिला. त्या घरीं एक तलाठी आधींच जाऊन आला असता तर काम भागलें असतें.

याच जिल्ह्यांत 1980 च्या दशकांत अनिलकुमार लखिना या जिल्हाधिकाऱ्यांनीं कचेरीच्या दप्तराला शिस्त लावली. 'लखिना पॅटर्न' म्हणून तें काम राज्यभर प्रसिद्ध झालें. कागद जागच्या जागीं असणें ही यंत्राच्याहि आधींची पायरी आहे. चुकीच्या नोंदींवर यंत्र बसविलें तर चुका अधिक वेगानें होतील, इतकेंच.

दुसरी गोष्ट कारणाची. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनीं चालविलेल्या चळवळीचा महाराष्ट्राच्या 2002 च्या माहिती अधिकार कायद्याशीं निकटचा संबंध आहे. पुढें 2005 मध्यें देशाचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमांत असें बंधन आहे कीं, प्रशासकीय निर्णयाचीं कारणें ज्या माणसावर त्याचा परिणाम होतो त्यास द्यावीं. यादींतून नांव गळालेल्या विधवेला "यंत्रानें तसें दाखविलें" असें सांगणें म्हणजे कारण देणें नव्हे. कोणत्या नोंदीवरून, आणि ती नोंद कोणी पाहिली, हें सांगतां येत नसेल तर त्या निर्णयाखालीं सही करण्याचा कोणाला अधिकार नाहीं.

आंकड्यांचें भय बाळगावें असा मात्र याचा अर्थ नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धति रुळली. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यावरून कोणतीं पिकें झेपतील, हें मापून ग्रामसभेपुढें ठेवतात. ज्याच्या विहिरीचा तो आंकडा, तो समोरच बसलेला असतो. चूक असेल तर तो तेथेंच उठून बोलतो. यंत्राच्या मसुद्यालाहि हाच न्याय लावतां येईल. पुढील सभेंत 'मागील इतिवृत्त कायम करणें' हा पहिला विषय एका दमांत 'मंजूर' म्हणून उरकला जातो, तेथें तो मसुदा सावकाश वाचावा. तो यंत्रानें केला आहे हें वरच लिहावें. आणि तो कायम होईपर्यंत मूळ ध्वनिमुद्रण पुसूं नये. सभेंत कोणाचें आजारपण, कोणाचें कर्ज, कोणाचें घरगुती भांडण निघतें. तें बोलणें अधिकाऱ्यानें आपल्या भ्रमणध्वनीवरच्या कोठल्यातरी फुकट साधनांत ओतणें बरें नव्हे. नागरिकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठीं 2023 सालीं स्वतंत्र कायदा झालेला आहे.

वाचनास अर्धा-पाऊण तास जाईल. त्यांत मागच्या भिंतीकडून कोणी बाई म्हणाली, "मी हो म्हटलं नव्हतं," तर छापील ओळीवर आडवी रेघ मारून तिचें म्हणणें हातानें लिहावें, आणि शेजारीं अधिकाऱ्याची सही व तारीख असावी.