माऊस पॅड घेताना हाताला विचारा

आपल्या समाजातील घराघरांत आता कॉम्प्युटर आला आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यासाठी ड्रॉइंग काढणारा मुलगा असो, मुक्त विद्यापीठातून अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करणारी सून असो, की घरबसल्या मराठी टायपिंगची कामे घेणारी एखादी ताई असो, दिवसातले कित्येक तास त्यांचा उजवा हात माऊसवर असतो. जयंतीची पत्रके आणि लग्नपत्रिका जुळविणाऱ्या आपल्या डी.टी.पी.वाल्या तरुणांचे तर विचारूच नका. कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की घरात चार दिवस चर्चा चालते. पैसे साठवले जातात, हप्ते ठरतात. पण ज्या गोष्टीवर हात रोज घासायचा त्या माऊस पॅडचा विचार कोणी करत नाही. दुकानदाराने फुकट दिला तो घेतला, नाहीतर जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला, की झाले.

वस्तू लहान आहे म्हणून तिचा विचारही लहान असावा असे नाही. विनयपिटकात ‘निसीदन’ म्हणजे बसायच्या वस्त्राचा नियम आहे. काया, चीवर आणि शयनासन यांचे रक्षण व्हावे म्हणून भगवंतांनी भिक्खूंना ते वापरण्याची अनुज्ञा दिली. सुगताच्या वितीने दोन विती लांब आणि दीड वीत रुंद असे त्याचे मापही ठरले होते. भिक्खू उदायी अंगाने थोर. त्या मापात त्यांचे बसणे होईना, म्हणून ते वस्त्र चारी बाजूंनी ताणीत बसले. भगवंतांनी कारण विचारले, आणि वस्त्राला एक वीत काठ जोडण्याची मुभा दिली. शरीर मापात बसत नाही म्हणून शरीराला बोल लावला नाही, माप वाढवले. माऊस पॅड निवडताना हीच दृष्टी ठेवली तर निम्मे काम होते. पॅडने हात जपावा, टेबल जपावे आणि माऊसही जपावा.

आता पॅड लागतो तरी का?

डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जगापुढे माऊस आणला. त्या माऊसच्या पहिल्या नमुन्याचे खोके लाकडी होते आणि तो दोन चाकांवर फिरायचा. पुढे चाकांऐवजी रबरी आवरणाची गोळी आली. १९९० च्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर शिकला त्यांना ती गोळी काढून आतला मळ नखाने खरवडणे चांगले आठवत असेल. गोळी गुळगुळीत टेबलावर घसरायची, म्हणून पॅड लागायचाच. १९९९ नंतर खालून दिव्याचा उजेड टाकणारे माऊस बाजारात रुळले आणि ‘आता पॅडची गरज नाही’ असे लोक म्हणू लागले.

ते अर्धेच खरे आहे. हा माऊस आपल्या पोटाखालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे टिपतो आणि त्यांतल्या बारीक खुणा किती सरकल्या यावरून बाण हलवतो. खुणाच दिसल्या नाहीत तर बाण अडखळतो, उड्या मारतो. मग आपण माऊस जास्त घट्ट धरतो, आपटतो, पुन्हा पुन्हा ओढतो. त्रास माऊसला होत नाही, मनगटाला होतो.

आधी टेबल पाहा

टेबलावर काच असेल तर पॅडशिवाय गत्यंतर नाही. आपल्याकडे कचेरीतल्या टेबलावर काच टाकून तिच्याखाली कॅलेंडर, फोनची यादी आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवायची पद्धत आहे. घरातही तीच आली. साधा माऊस स्वच्छ काचेवर चालत नाही. त्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली तर तो चालतो, पण शाई सुटते, कागद फाटतो आणि आठवड्यात चोळामोळा होतो.

चकचकीत सनमायकावर माऊस कधी चालतो, कधी नाही. खरखरीत लाकडावर चालतो, पण त्याच्या खालचे पाय झिजतात. लोखंडी घडीचे टेबल असेल तर ते नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत बर्फासारखे गार पडते. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या मुलाचा तळहात त्यावर टेकत नाही. या सर्व ठिकाणी रबरी तळाचा साधा कापडी पॅड उत्तम. तो सरकत नाही, गार लागत नाही आणि आवाजही करीत नाही. एकाच खोलीत आजी झोपली आहे आणि नात परीक्षेचा अर्ज भरते आहे, अशा घरात आवाज न होणे हाही मोठा गुण समजावा.

ज्या कॉम्प्युटर टेबलाला की-बोर्डसाठी सरकता खण असतो, तिथे माऊसला उजवीकडे जेमतेम वीतभर जागा उरते. मोठा पॅड तिथे काठाबाहेर लोंबतो आणि हात धडपडतो. अशा खणासाठी लहान पॅड घ्यावा, किंवा माऊस वरच्या फळीवर न नेता की-बोर्डच थोडा डावीकडे सरकवावा. वर नेला की खांदा उचलूनच धरावा लागतो आणि संध्याकाळी मान धरते.

मग हाताची सवय

काही जण फक्त मनगट हलवून काम करतात. अर्ज भरणे, टायपिंग, हिशेब अशा कामांना एवढे पुरते आणि त्यांना २२ बाय १८ सेंटिमीटरचा नेहमीचा पॅड पुरेसा होतो. काही जण कोपरापासून हात फिरवतात. ड्रॉइंग करणारे, चित्रे जुळविणारे, खेळ खेळणारे यांना त्याच्या दीडपट-दुप्पट जागा लागते. माऊस पॅडच्या काठावरून खाली पडू लागला, सारखा उचलून मध्ये ठेवावा लागला, तर पॅड लहान आहे असे समजावे.

दुकानात जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करा. या साप्ताहिकाचे नको, पण एखादे जुने वर्तमानपत्र घ्या. हव्या त्या आकारात घडी घालून टेबलावर चिकटवा आणि दोन दिवस त्यावर काम करा. हात कुठपर्यंत जातो ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. तेवढेच माप घेऊन दुकानात जा. टेबल मोठे असेल तर की-बोर्ड आणि माऊस दोन्ही मावतील असा लांब पॅडही मिळतो. पण घरी त्याच टेबलावर पोरे जेवत असतील तर रोज तो गुंडाळायचा व्याप नको.

पृष्ठभागाचेही दोन प्रकार आहेत. कापडी पॅडवर माऊस किंचित अडून चालतो, त्यामुळे हवा तिथे थांबतो. बारीक कामाला हे बरे. कडक प्लॅस्टिकवर तो सुळकन पळतो. त्याला जोर कमी लागतो, पण हात थरथरत असेल तर नेम चुकतो. वयस्कर माणसांनी आणि नव्याने शिकणाऱ्यांनी कापडीच घ्यावा. बाण फार हळू पळत असेल तर मोठा पॅड घेण्याआधी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग वाढवून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत.

डावखुऱ्या मुलांचा विचार वेगळा करावा. ‘डावा हात वाईट’ ही समजूत आपण धम्म स्वीकारताना मागे टाकली असेल, तर ती कॉम्प्युटरच्या टेबलावरही नको. पॅड डावीकडे ठेवा, सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करा आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस द्या.

उशीवाल्या पॅडविषयी

मनगटाखाली जेलची किंवा स्पंजची उशी असलेले पॅड हल्ली खूप खपतात. ‘यावर मनगट टेकवा, दुखणे गेले’ असे सांगितले जाते. इथे सावध राहावे. मनगटाच्या आतल्या बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांचा अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. नेमक्या त्याच जागेवर शरीराचा भार देऊन काम केले तर आतला दाब वाढतो. म्हणून उशी ही काम थांबल्यावर क्षणभर टेकण्यासाठी, आणि तीही तळहाताच्या टाचेला. माऊस हलविताना मनगट त्यावर दाबून ठेवण्यासाठी नव्हे. टेबलाचा काठ मनगटाला रुतत असेल तर खुर्चीवर घडी केलेली सतरंजी टाकून आपणच उंच बसावे आणि पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्यावा. कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहिले पाहिजे.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होत असेल, कप हातातून सुटत असेल, तर नवा पॅड आणू नका, डॉक्टरांना दाखवा. हा त्रास स्त्रियांत अधिक दिसतो. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपण यांतही तो होतो. ‘कामाची सवय नाही म्हणून दुखते’ असे म्हणून सुनेला गप्प बसवू नका.

चित्र कोणते असावे?

पॅडवर बाबासाहेबांची किंवा तथागतांची प्रतिमा छापून मिळते. घेणाऱ्याची भावना चांगलीच असते. पण त्या प्रतिमेवर दिवसभर घाम आणि चहा सांडणार, आणि वर्ष-दोन वर्षांत कडा सुटल्या की ती कचऱ्यात जाणार. प्रतिमेची जागा टेबलासमोर भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत असावी. पॅड एकरंगी, बिनचकाकीचा असावा; माऊसलाही तोच मानवतो. कापडी पॅड महिन्याकाठी कोमट पाण्यात थोडी साबण पावडर टाकून हाताने धुवावा आणि सावलीत पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात ओलसर राहिला तर कुबट वास धरतो.

साधा चांगला पॅड शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. त्याहून महागाच्या वाटेला बहुतेकांनी जाऊ नये. उरलेल्या पैशांत एक पुस्तक येईल.

शेवटचे सांगणे असे, की कितीही चांगला पॅड विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या आयाबायांनी सिन्नरला विड्या वळल्या, पराया शेतात खुरपणी केली. त्यांच्या बोटांची चौकशी कोणी केली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, त्यामागे त्यांचा हात होता. घरी बसून पानांच्या हिशेबाने टायपिंग करणाऱ्या मुलीला तो कायदा लागू होत नाही. तिचे तास मोजणारा कोणी मुकादम नाही आणि तिला सुट्टी देणाराही कोणी नाही. म्हणून हे काम घरच्यांनीच करावे. अर्ध्या तासाने तिला उठवा, हात झटकायला लावा, खिडकीतून लांब पाहायला सांगा. आणि येत्या रविवारी विहारातून परतल्यावर ती बसते त्या टेबलाशी स्वतः पाच मिनिटे बसून माऊस फिरवून पाहा. पॅड कोणता आणायचा ते तुमचे मनगटच सांगेल.

जयभीम!