इटालियन शब्दांचे सांधे

शब्दाचे तुकडे दोन रीतींनी पाडता येतात. अर्थ पाहिला तर प्रकृती व प्रत्यय मिळतात. उच्चार पाहिला तर अक्षरे मिळतात. हे दोन्ही सांधे एकाच जागी असतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इटालियन भाषेतील थोडी उदाहरणे तो दूर करण्यास पुरेशी आहेत.

या भाषेतील बहुतेक शब्द कन्नडप्रमाणे स्वरान्त असतात. ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक. अंत्य ‘ओ’ काढून ‘एत्तो’ लावला की ‘लिब्रेत्तो’, म्हणजे छोटे पुस्तक, होते. ऑपेराच्या संहितेलाही हेच नाव रूढ आहे. ‘ओने’ लावून ‘लिब्रोने’ हा जाडजूड ग्रंथ, तर ‘आच्चो’ लावून ‘लिब्राच्चो’ हे टाकाऊ पुस्तक. ‘पोर’चे ‘पोरटे’ करताना आपणही प्रत्ययानेच नाक मुरडतो. ‘स्पागो’ म्हणजे दोरी. तिच्या लघुरूपाचे अनेकवचन ‘स्पागेत्ती’.

आता अक्षरे पाहू. अर्थदृष्ट्या फोड ‘लिब्र + एत्तो’; उच्चारात मात्र ‘लि-ब्रेत्-तो’. प्रत्यय स्वराने सुरू होत असल्यामुळे प्रकृतीची अखेरची व्यंजने तो आपल्याकडे ओढतो. उलट ‘लेन्तामेन्ते’ (संथपणे) या शब्दात ‘मेन्ते’ व्यंजनाने सुरू होतो, म्हणून ‘लेन्-ता-मेन्-ते’ येथे दोन्ही सांधे जुळतात. हा प्रत्यय मुळात ‘मनाने’ अशा अर्थाचे लॅटिन नाम होता. ते नाम स्त्रीलिंगी. म्हणून त्यामागील विशेषण आजही ‘लेन्तो’ नसून ‘लेन्ता’ असते.

अक्षरे पाडण्याचे नियम थोडे आहेत. द्वित्त व्यंजन दुभंगते: ‘पेन्-ना’. व्यंजनानंतर र किंवा ल आल्यास जोडी सहसा अभंग राहते: ‘लि-ब्रो’. र, ल, म, न हे दुसऱ्या व्यंजनापूर्वी आल्यास मागील अक्षरात राहतात: ‘पार्-ते’. ‘स’ मात्र ओळ मोडताना पुढील व्यंजनाबरोबर जातो: ‘पा-स्ता’. यांपैकी द्वित्ताकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी, ‘पेना’ म्हणजे यातना! आपल्या ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांत असाच फरक आहे.

शेवटी एक सावधगिरी. ‘मात्तो’ म्हणजे वेडा. पण ‘मात्तोने’ म्हणजे मोठा वेडा नव्हे, तर वीट. ‘ताक्को’ म्हणजे टाच. ‘ताक्कीनो’ मात्र टर्की पक्षी. शेवट प्रत्ययासारखा दिसला म्हणून तो प्रत्यय ठरत नाही. अक्षरे कानाने मोजता येतात. प्रत्यय ओळखण्यासाठी अर्थाला आणि शब्दाच्या इतिहासाला विचारावे लागते.