ढालकिड्याविषयी काही प्रचलित गैरसमज

धानाची कापणी उरकून भंडारा जिल्ह्यातील बांध्यांमध्ये उतेऱ्याची लाखोरी आणि जवस जोम धरू लागले, वैनगंगेकाठच्या वाड्यांतून मोहरी, चवळी आणि वांगी यांची कोवळी पालवी दिसू लागली, की त्या पालवीवर माव्याची वसाहत होते. आणि तिच्या मागोमाग, कृषिखात्याच्या पत्रकांतून ज्याला ‘मित्रकीटक’ हा किताब बहाल झालेला आहे, तो तांबूस पाठीचा ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरा, हजर होतो. किताब यथार्थ आहे. परंतु त्याच्या आधारावर ज्या समजुती उभ्या राहिल्या आहेत, त्यांची एकदा झडती घेणे इष्ट होय.

पहिली समजूत अशी की, ऊन जितके अधिक तितकी या कीटकाची वाढ चांगली. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची वाढ सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ थांबते, आणि त्यावरील प्रत्येक अंश प्रतिदिनी त्याच्या खात्यावर जमा होत होत सुमारे 200ची बेरीज भरली म्हणजे अंड्यापासून प्रौढापर्यंतचा क्रम पुरा होतो. दिवस-रात्रीचे सरासरी तापमान 20 अंश असेल तर रोज आठच अंशांची भर पडून पंचवीस दिवस लागतात. तेच 27 अंशांवर गेले तर तेरा-चौदा दिवस पुरतात. येथवर समजूत खरी आहे. पण पारा पस्तिशीच्या पुढे सरकला की हाच हिशेब उलटतो: अंडी कमी फुटतात, अळ्या दगावतात, आणि जे प्रौढ निपजतात ते लहान चणीचे असल्यामुळे त्यांच्या माद्यांची अंडीही कमीच. भंडाऱ्याचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्या दिवसांत हे किडे विरळ का होतात, हे निराळे सांगावयास नको.

याच्या उलट टोकाची तक्रार पौष-माघाच्या सुमारास ऐकू येते: ढालकिडे दिसतात, तरी मावा वाढतच आहे, म्हणजे हे किडे कुचकामी! वस्तुतः दोष किड्याचा नसून हवेचा आहे. माव्याच्या बहुतेक जातींची वाढ पाच अंशांच्या आसपासही चालू राहते, आणि त्यांच्या माद्या नराविनाच पिल्ले प्रसवत जातात; भक्षकाला मात्र बारा अंशांची वाट पाहावी लागते. गार रात्रींच्या त्या पंधरवड्यात शिकार पुढे आणि शिकारी मागे, असे घडणे अपरिहार्य आहे. थंडी ओसरताच ही तफावत भरून निघू लागते. नेमक्या त्याच वेळी अधीर होऊन केलेली फवारणी माव्याबरोबर त्याच्या वैऱ्यालाही निकालात काढते, आणि उरलासुरला मावा निर्वेधपणे पुन्हा फोफावतो.

आहाराविषयीचा गैरसमज अधिक खोल आहे. मावा तेवढा सगळा सारखाच, असे आपण धरून चालतो. पण मावा ज्या झाडाचा रस पितो त्याची द्रव्ये त्याच्या अंगी उतरतात, आणि रुईवरच्या पिवळ्या माव्यात त्या झाडाची विषे साठलेली असतात. काही मावा खाऊन अळी झपाट्याने वाढते, काही खाऊन ती केवळ तग धरते, काहींनी ती मरते. परागकणांवर प्रौढ जगतो, परंतु बहुतेक मावाभक्षक जातींच्या माद्या माव्यावाचून पुरेशी अंडी घालीत नाहीत. अन्न तुटले की अळ्या भावंडांची अंडीही फस्त करतात. हे क्रौर्य नव्हे, निर्वाहाची तजवीज आहे. शिवाय सर्वाधिक खाणारी चौथ्या अवस्थेतील अळीच असते: एका अळीच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक शिकार ती त्या अवस्थेत करते. दुर्दैव असे की, सुसरीच्या पिलासारखी दिसणारी ती काळी, नारिंगी ठिपक्यांची अळीच शत्रू समजून चिरडली जाते.

विकत मिळणारा कोणताही ढालकिडा माव्यावर चालतो, हाही एक गैरसमजच. ऑस्ट्रेलियातून 1898 साली हिंदुस्थानात आणलेला क्रिप्टोलीमस हा याच कुळातील भुंगेरा प्रयोगशाळांत लाल भोपळ्यावरील पिठ्या ढेकणांवर पोसला जातो; तो विकत घेऊन मोहरीच्या माव्यावर सोडणे म्हणजे पैशाचा अपव्यय, कारण त्याचे मुख्य भक्ष्य पिठ्या ढेकूण हेच आहे.

राहता राहिली वांग्याची गोष्ट, आणि भंडाऱ्यात ती टाळता येत नाही. ढालकिडे सगळेच मित्र, हे खरे नाही. याच कुळातील अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा, ज्याला एपिलॅक्ना म्हणतात, वांग्याची पाने खरवडून त्यांची जाळी करतो. त्याची पाठ चकाकत नाही, तिच्यावर बारीक लव असते. अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून हे दोन पाहुणे निरखून पाहावेत, आणि पानावर जाळी नसून मावा असेल, त्यात काळी अळी हिंडत असेल, तर फवारणी काही दिवस लांबणीवर टाकावी.